डॉ. सेन आणि रक्ताची वाट

जुन्या महाबळेश्वरात पंचगंगा मंदिरातल्या गोमुखातून पाच नद्यांचे पाणी एकत्र पडते अशी श्रद्धा आहे. भूगोल थोडा वेगळा असला, तरी नवलात कमी नाही. या माथ्यावर पडलेला पाऊस कोणत्या अंगाला उतरतो, यावर त्याचा पुढचा सारा प्रवास ठरतो. कृष्णा, वेण्णा किंवा कोयनेच्या खोऱ्यात उतरला, तर तो माहुली, कराड, सांगली करत थेट बंगालच्या उपसागराला जातो. सावित्रीच्या अंगाला घसरला, तर महाडवरून अरबी समुद्र गाठतो. दोन्ही पाण्यांमध्ये अंतर असते ते एका डोंगरकण्याचे.

माणसाच्या हृदयातही असाच एक कणा आहे. मधल्या स्नायूच्या भिंतीमुळे हृदयाचे दोन भाग होतात. उजवीकडचे रक्त फुफ्फुसांकडे जाते, डावीकडचे सर्व शरीराकडे. निरोगी माणसात एका बाजूचा थेंब भिंत ओलांडून दुसरीकडे जात नाही. त्याला फुफ्फुसांचा फेरा घ्यावाच लागतो. नद्यांपेक्षा फरक इतकाच की रक्त परत येते, आणि तेही साधारण मिनिटभरात.

या वाटेवरच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याशी ज्यांनी झुंज घेतली आणि तिच्याच एका वळणावर ज्यांना सर्वांत मोठे अपयश आले, ते सर्जन म्हणजे डॉ. प्रफुल्लकुमार सेन. भारतातले पहिले मानवी हृदयरोपण त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात केले. पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव आले तर एवढ्याच वाक्यापुरते येते. रोपण केलेले ते हृदय तीन तासांनी का थांबले, हे मात्र त्या वाक्यात कधी नसते. ते समजले की हृदयातून रक्त कसे वाहते हे निम्म्याहून अधिक समजते.

सेन यांचा जन्म ७ डिसेंबर १९१५ रोजी कोलकात्यात झाला. शाळा मात्र नागपूरला झाली, आणि पुढचे सगळे आयुष्य महाराष्ट्रातच गेले. डॉक्टरकीचे शिक्षण त्यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले केईएम रुग्णालय १९२५-२६ साली सुरू झाले, ते एका अटीवर. देणगी देणाऱ्यांचे म्हणणे होते की इथे शिकवणारे सगळे भारतीयच असले पाहिजेत. सरकारी वैद्यकीय सेवेतल्या मोठ्या जागा इंग्रजांकडे असण्याचा तो काळ होता. पहिले अधिष्ठाता होते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. भारतीय माणसाला अवघड शस्त्रक्रिया जमेल का, हा प्रश्न तेव्हा गंभीरपणे विचारला जाई, आणि केईएमच्या भिंतींनाच जणू त्याचे उत्तर द्यायचे होते. सेन तिथे विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तिथेच शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ते रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. योगायोग म्हणावा तर हे गाव त्या वेळी हृदय-शस्त्रक्रियेचे जणू आखाडाच होते. चार्ल्स बेली यांनी तिथेच १० जून १९४८ रोजी एकाच दिवशी दोन रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया केल्या होत्या. सकाळचा रुग्ण टेबलावर दगावला. तो दगावल्याची बातमी दुसऱ्या रुग्णालयात पोहोचून आपल्यावर बंदी येण्याआधी बेली तिथे गेले आणि त्यांनी शस्त्रक्रिया उरकली. ती रुग्ण वाचली. त्याच गावात जॉन गिबन हृदय आणि फुफ्फुस या दोघांचे काम काही वेळ सांभाळणारे यंत्र घडवत होते, आणि १९५३ साली त्यांना त्यात पहिले यश मिळाले. सेन परतले ते हे वारे अंगात घेऊनच.

त्यांच्यासमोरचा पहिला शत्रू परळच्या चाळींतच राहत होता. त्या काळचा परळ म्हणजे गिरणगाव. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे. अशा दाटीत घशाचा एक साधा जिवाणू मुलांमध्ये झपाट्याने पसरतो. बहुतेक मुलांचा घसा आठवड्यात बरा होतो. काही मुलांना मात्र दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात, आणि शरीराची प्रतिकारशक्ती जिवाणूऐवजी स्वतःच्या हृदयावर चाल करते. याला संधिवाताचा ताप किंवा ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. तापाची आठवणही विरते, पण हृदयाची एक झडप हळूहळू जाड आणि ताठ होत राहते. पंधरा-वीस वर्षांनी धाप लागू लागते. घरच्यांना वाटते अशक्तपणा आहे.

ही झडप कोणती, हे कळायला रक्ताची वाट एकदा पायाखालून घालायला हवी. शरीरभरचे वापरलेले, काळपट रक्त दोन मोठ्या शिरांमधून उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात येते. तिथून झडप ओलांडून खालच्या उजव्या कप्प्यात. हा कप्पा आकुंचन पावला की रक्त फुफ्फुस धमनीतून फुफ्फुसांकडे ढकलले जाते. तिथे कार्बन डायऑक्साइड सुटतो, प्राणवायू मिसळतो, आणि लालभडक झालेले रक्त डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात परतते. तिथून आणखी एक झडप ओलांडून खालच्या डाव्या कप्प्यात, आणि तिथून महाधमनीत, म्हणजे सर्व शरीराकडे. चार कप्पे, चार झडपा. झडपा एकाच दिशेला उघडतात, विहिरीवरच्या पंपाच्या फूट व्हॉल्व्हसारख्या, म्हणून रक्त मागे फिरत नाही. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला सुमारे ५ लिटर, दिवसाला सुमारे १ लाख ठोके.

यातली डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप म्हणजे मायट्रल. निरोगी माणसात ती उघडली की चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. ऱ्हुमॅटिक तापाने कडा चिकटत गेल्या की वाट एक चौरस सेंटिमीटरवर येते, म्हणजे बटणाच्या काजासारखी फट उरते. मग काय होते, हे सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णा दुथडी भरून वाहू लागली की हरिपूरच्या संगमावर वारणेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते आणि शिवारात शिरते. मायट्रल झडप अरुंद झाली की रक्त असेच मागे फुगते. डाव्या वरच्या कप्प्यात तुंबते, मग फुफ्फुसांत. फुफ्फुसांत पाणी झिरपते. रुग्ण रात्री उठून बसतो, कारण आडवे झाले की गुदमरल्यासारखे होते. तरुण स्त्रियांमध्ये हा आजार बहुधा पहिल्या गरोदरपणात उघडा पडे. गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते आणि अरुंद फटीला ते पेलवत नाही. बाळंतपणात अशा किती मुली गेल्या असतील याची मोजदाद कुठेच नाही.

या झडपेवर १९५०च्या दशकात जी शस्त्रक्रिया होत असे, ती आज ऐकताना अंगावर काटा येतो. हृदय थांबवण्याचे साधन नव्हते, आत पाहण्याचे नव्हते. सर्जन छातीच्या डाव्या बाजूने आत जाई, धडधडणाऱ्या हृदयाच्या वरच्या कप्प्याला छोटे छिद्र पाडी आणि त्यातून आपली तर्जनी आत सारी. बोटाभोवती टाका आवळलेला, म्हणजे रक्त उसळू नये. मग डोळ्यांनी नव्हे, बोटाने झडप चाचपायची आणि चिकटलेल्या कडा बोटाच्याच दाबाने सोडवायच्या. बोट आत असेपर्यंत झडप बंदच, म्हणजे रक्त अडलेलेच. सगळा खेळ सेकंदांचा. दाब जास्त झाला तर झडप फाटते आणि रक्त मागे वाहू लागते, कमी झाला तर रुग्ण जसा आला तसाच घरी जातो. भारतात ही शस्त्रक्रिया सुरू करणाऱ्या मोजक्या सर्जनांमध्ये सेन होते. महापालिकेच्या रुग्णालयात, जिथे बिल भरण्याची ऐपत नसलेली माणसेच येत, तिथे त्यांनी ती रुळवली.

हृदयाबाहेरची वाटही त्यांनी सोडली नाही. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या आतून सुजून अरुंद होण्याचा एक आजार आहे. जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी १९०८ साली त्याची एक खूण डोळ्यांत टिपली होती, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो बहुधा तरुण स्त्रियांना होतो. कधी मनगटात नाडी सापडत नाही, तर कधी मूत्रपिंडाची धमनी अरुंद होऊन विशीतच रक्तदाब भलताच चढतो. परळच्या बाह्यरुग्ण विभागात असे रुग्ण वारंवार दिसू लागले, तेव्हा सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते चिकाटीने गोळा केले. १९७३ साली १०१ रुग्णांच्या अभ्यासावर त्यांचा ग्रंथ निघाला. या विषयावर काम करणाऱ्यांना तो पुढे बराच काळ उपयोगी पडला.

पण सेन यांची सर्वांत विलक्षण कल्पना सापाच्या हृदयातून आली.

हृदयातून दिवसाला हजारो लिटर रक्त जाते, तरी हृदयाच्या स्नायूला त्यातले जवळजवळ काहीच मिळत नाही. आतल्या अस्तराचा केसाएवढा पातळ थर सोडला, तर बाकीची भिंत कप्प्यातल्या रक्तावर जगूच शकत नाही. तिच्यासाठी वेगळी व्यवस्था आहे. महाधमनी हृदयातून निघते न निघते तोच तिला दोन बारीक फांद्या फुटतात. या कोरोनरी धमन्या बाहेरून हृदयावर पसरतात आणि मग आत शिरतात. म्हणजे शरीरात सर्वांत आधी रक्त मिळते ते हृदयालाच, पण मागच्या दाराने नव्हे, पुढच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून. एकूण रक्ताच्या सुमारे पाच टक्के भाग या फांद्यांतून जातो. डाव्या कप्प्याच्या स्नायूला तर तो मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतो, कारण आकुंचन पावताना स्नायू स्वतःच स्वतःच्या धमन्या चिरडतो. या फांद्यांपैकी एक बंद पडली की होतो तो हृदयविकाराचा झटका. दारात नदी असून शेत करपावे, तसा प्रकार.

सापात आणि इतर अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांत रचना निराळी असते. त्यांच्या हृदयाची भिंत आपल्यासारखी घट्ट विणीची नसून स्पंजासारखी असते. कप्प्यातले रक्त भिंतीतल्या असंख्य फटींत शिरते आणि स्नायूला थेट भिजवते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरचा जांभा दगड जसा पावसाचे पाणी आतल्या आत शोषतो आणि नंतर झऱ्यांतून सोडतो, तसेच काहीसे. माणसाच्या गर्भातही हृदय सुरुवातीला असेच स्पंजासारखे असते, पुढे काही आठवड्यांत त्याची वीण घट्ट होते.

सेन यांना प्रश्न पडला की जे गर्भात असते आणि सापात टिकते, ते माणसात पुन्हा निर्माण करता येईल का? धमनी बंद पडली असेल, तर कप्प्यातूनच स्नायूत छोट्या वाटा पाडल्या तर? त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक कोरोनरी धमनी बांधायची, आणि त्या भागातल्या स्नायूला सुईने आरपार अनेक बारीक छिद्रे पाडायची. बाहेरच्या अंगाला छिद्र लगेच बंद होते, आतून ते कप्प्याला जोडलेले राहते. छिद्रे पाडलेले प्राणी न पाडलेल्यांपेक्षा तग धरतात असे त्यांना दिसले. १९६५ साली हे काम अमेरिकेतल्या छातीच्या शस्त्रक्रियेच्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शीर्षकात त्यांनी अ‍ॅक्युपंक्चर हा शब्द वापरला. सहलेखकांमध्ये तेहेमटन उदवाडिया होते, जे पुढे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे भारतातले आद्य पुरुष ठरले, आणि गुरुकुमार पारुळकर होते, जे सेन यांचे उजवे हात मानले जात.

ही कल्पना चुकीची होती का? सरळ उत्तर नाही. सुईची छिद्रे काही आठवड्यांत व्रणाने भरून येतात, हे नंतर स्पष्ट झाले. शिवाय १९६७ साली क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर काढून बंद धमनीला वळसा घालण्याची शस्त्रक्रिया केली, आणि बायपास या एका शब्दाने बाकीचे सगळे मार्ग झाकोळून टाकले. तरीही १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या काही सर्जनांनी सुईऐवजी लेसर घेतला आणि सेन यांचीच वाट पुन्हा धरली. १९९८ साली तिथल्या औषध प्रशासनाने, बायपास शक्य नसलेल्या रुग्णांसाठी, या पद्धतीला मान्यताही दिली. छातीतले दुखणे कमी होते असे अनेकांत आढळले, पण लेसरची छिद्रेही भरून येतात, मग दुखणे का थांबते यावर एकमत झाले नाही. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात म्हणून, की दुखण्याची जाणीव नेणारे मज्जातंतू जळतात म्हणून, की शस्त्रक्रिया झाली या विश्वासाने? ही पद्धत आता क्वचितच वापरली जाते.

याच वर्षांत परळच्या प्रयोगशाळेत दुसरे एक काम चालू होते. सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमिर देमिखोव यांनी कुत्र्यांमध्ये हृदयरोपणाचे प्रयोग केले होते, आणि त्यांच्या कामाचा सेन यांच्यावर खोल ठसा होता. सेन यांच्या गटाने कुत्र्यांवर स्वतःचे प्रयोग सुरू केले आणि १९६५ साली अशा १०० प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. जगातले पहिले मानवी हृदयरोपण व्हायला तेव्हा दोन वर्षे अवकाश होता. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण पुढे जे घडले ते अनेकांना उतावीळपणाचे वाटले. आफ्रिकेत झाले म्हणून आपणही करून पाहू, असा तो प्रकार नव्हता.

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले. तीन दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी एका बालकावर केले. जानेवारीत कॅलिफोर्नियात नॉर्मन शमवे यांनी. आणि १९६८च्या फेब्रुवारीत, केप टाऊनच्या घटनेला अकरा आठवडे होत असताना, सेन यांनी परळमध्ये. जगातला हा सहावा प्रयत्न होता, आणि सेन हे असे धाडस करणारे चौथे सर्जन. न्यूयॉर्क, केप टाऊन, स्टॅनफर्ड आणि मग मुंबई महापालिकेचे एक रुग्णालय.

रुग्ण होता हृदयस्नायूच्या आजाराने पुरता थकलेला एक तरुण शेतकरी. हृदय मिळाले ते रेल्वेगाडीतून पडून डोक्याला जबर मार बसलेल्या एका तरुण स्त्रीचे. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, ही व्याख्या तेव्हा भारतात कायद्याने मान्य नव्हती. अमेरिकेतही हार्वर्डच्या समितीने ती मांडली ती त्यानंतर, १९६८च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे दुखवट्यात बुडालेल्या एका कुटुंबाला विचारायचे, आणि कायद्याचा आधार शून्य.

शस्त्रक्रियेचे तंत्र ऐकायला वाटते त्यापेक्षा सोपे आहे. शमवे आणि लोअर यांनी ते १९६० साली कुत्र्यांवर सिद्ध केले होते. जुन्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांची मागची भिंत जागच्या जागी ठेवायची, म्हणजे शरीरातून आणि फुफ्फुसांतून येणाऱ्या शिरा एकेक जोडत बसावे लागत नाही. नवे हृदय त्या भिंतीला शिवायचे, आणि मग दोनच जोड उरतात, फुफ्फुस धमनीचा आणि महाधमनीचा. मज्जातंतू तुटलेलेच राहतात, तरी हृदय धडधडू लागते. ठोक्याचा हुकूम देणारी गाठ त्याच्या आतच, उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत असते. त्याला मेंदूच्या परवानगीची गरज नसते.

परळमध्येही नवे हृदय धडधडू लागले. जोड नीट होते. तीन तासांनी ते थांबले.

कारण शरीराने परके हृदय नाकारले हे नव्हते. त्याला दिवस लागतात. कारण होते फुफ्फुसांत. डावी बाजू दीर्घकाळ कमजोर राहिली की रक्त फुफ्फुसांत तुंबते, हे वर आलेच आहे. हा दाब महिनोन्महिने टिकला की फुफ्फुसांतल्या बारीक धमन्या स्वतःला वाचवण्यासाठी भिंती जाड करतात आणि आकसतात. फुफ्फुसांतून रक्त ढकलणे अवघड होत जाते. हे ओझे पडते उजव्या खालच्या कप्प्यावर. निरोगी माणसात हा कप्पा पातळ भिंतीचा असतो, तीन ते पाच मिलिमीटर, डाव्याच्या निम्म्याहून कमी. त्याला कामही हलके असते. डावा कप्पा पाऱ्याच्या १२० मिलिमीटर दाबाने रक्त फेकतो, उजव्याला साधारण २५ पुरतात, कारण फुफ्फुसांच्या वाटा रुंद आणि मऊ असतात. आजारी माणसाचा उजवा कप्पा वाढत्या ओझ्याबरोबर थोडाथोडा जाड होत जातो. रोज थोडे वजन वाढवत जाणाऱ्या पैलवानासारखी त्याला सवय होते.

नवे हृदय आले ते निरोगी तरुणीचे. त्याच्या उजव्या कप्प्याने जन्मभर २५ चा दाब ओळखला होता. त्याच्यापुढे अचानक आकसलेल्या फुफ्फुसांचा बांध उभा राहिला. डावा कप्पा उत्तम होता, पण डाव्याकडे रक्त पोहोचते ते उजव्याने फुफ्फुसांपार नेले तरच. उजवा कप्पा फुगला, थकला, आणि त्याच्यामागे सगळेच थांबले. मधली भिंत दोन्ही कप्प्यांना सामाईक आहे, उजवा फुगला की ती डावीकडे झुकून त्यालाही दाबते. म्हणजे तरुणाचे दुखणे ज्या हृदयात होते ते काढून टाकले होते, पण त्या दुखण्याने फुफ्फुसांत मागे ठेवलेला ठसा तसाच राहिला होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात सेन यांनी दुसरे रोपण केले. तो रुग्ण १४ तास जगला. त्यानंतर ते थांबले. टीका झाली, आणि ती फक्त बाहेरच्यांनी केली असे नाही. जिथे मुले घटसर्पाने आणि कॉलऱ्याने मरतात तिथे हे कशाला, हा सवाल तेव्हा वाजवी होता आणि आजही तो पूर्ण निकालात निघालेला नाही. पण जगभर काय झाले तेही पाहायला हवे. १९६८ या एका वर्षात शंभराहून अधिक हृदयरोपणे झाली. बहुतेक रुग्ण वर्षही पुरे करू शकले नाहीत, आणि एकामागून एक रुग्णालयांनी हे काम बंद केले. शमवे यांच्यासारखे मोजकेच चिकटून राहिले. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले, शरीराचा नकार आटोक्यात आला, आणि मग कुठे वाट मोकळी झाली.

सेन ते पाहण्याइतके जगले नाहीत. निवृत्तीपर्यंत त्यांचे मुख्य काम होते शिकवणे. महाराष्ट्रात आणि बाहेर हृदय-शस्त्रक्रियेचे विभाग ज्यांनी उभे केले, त्यांतल्या कित्येकांचे हात परळला तयार झाले होते. हातात सुरी नसे तेव्हा ते चित्रे काढत, कविताही करत. २२ जुलै १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

मेंदूमृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली आला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयरोपण केले आणि ते यशस्वी झाले. परळच्या प्रयत्नानंतर मध्ये सव्वीस वर्षे गेली होती.

आज रोपणासाठी यादीत नाव घालण्याआधी रुग्णाच्या मानेतल्या शिरेतून एक मऊ नळी आत सोडतात. ती उजव्या वरच्या कप्प्यात उतरते, झडप ओलांडून खालच्या कप्प्यात जाते, तिथून वळून फुफ्फुस धमनीत पोहोचते. प्रत्येक मुक्कामी दाब मोजला जातो, आणि फुफ्फुसे रक्ताला किती अडवतात याचा आकडा काढला जातो. तो जास्त असेल तर औषधे देऊन पुन्हा मोजतात. औषधांनीही तो उतरला नाही, तर कितीही चांगले हृदय उपलब्ध असले तरी ते एकटे त्या रुग्णाला बसवत नाहीत.